पडद्यावरचं ताट, संग्रहालयाचं अंगण: कामाच्या नोंदी

काम थोडक्यात: दक्षिण मुंबईतल्या एका जुन्या संग्रहालयाच्या अंगणात एक संध्याकाळ. पाहुणे १५०. चित्रपटांवरून सुचलेले पदार्थ, आणि पाहुण्यांसमोर चालू असलेली कला: हाताने रंगवायचं मोठं पोस्टर, चामड्याच्या बाहुल्या, मूकपटाला तबला-पेटीची साथ. असा घाट दुसऱ्या कुणाला घालायचा असेल तर या नोंदी उपयोगी पडतील. दर मुंबईतले आहेत, घासाघीस केल्यानंतरचे.

३ जानेवारी: जागेची पाहणी

मेन्यू ठरवायच्या आधी संग्रहालयाच्या अभिरक्षकांना भेटायचं, हा क्रम उलटा करू नका. त्यांची यादी हातात आली आणि डोक्यातले निम्मे बेत तिथेच बाद झाले.

उघडी ज्योत नाही: गॅस, कोळसा, स्पिरिटचे दिवे, समई, काहीच नाही. तळण नाही, कारण तेलाची वाफ लांबवर जाऊन बसते. अन्न फक्त अंगणात. दालनाच्या उंबऱ्याआत पाण्याची बाटलीसुद्धा नाही. ताजी फुलं नाहीत, कारण त्यांतून किडे येतात. रांगोळी नाही. टर्पेंटाइन, थिनर, स्प्रेचे डबे नाहीत. खरकटं त्याच रात्री आवाराबाहेर. मासळी नको, हे नियमात नव्हतं. पण दुसऱ्या दिवशी शाळांच्या सहली होत्या, म्हणून तेही मान्य केलं.

रांगोळीचं जरा वाईट वाटलं. चित्रपटातल्या चेहऱ्यांच्या मोठ्या रांगोळ्या हा कार्यक्रमाचा मुख्य भाग धरला होता. पण कारण पटण्यासारखं आहे. रांगोळी म्हणजे दगडाची भुकटी. ती तळव्यांना चिकटून दालनात जाते आणि पॉलिश केलेल्या फरशीवर सॅंडपेपरसारखी घासते. तांदळाच्या पिठाची काढली तर मुंग्या-झुरळांना जेवणाचं आमंत्रण. रांगोळी रद्द.

अंगण ७२ बाय ४० फूट. विजेचा एकच पॉइंट: सिंगल फेज, ३२ अँपिअर.

६ जानेवारी: मेन्यू, पहिला खर्डा

पदार्थाचं चित्रपटाशी नातं खरं असलं पाहिजे. 'बॉलिवूड भेळ' छापाची नावं नकोत, हे ठरलं. ज्यात एखादा पदार्थ पडद्यावर दिसतो किंवा चित्रपट बनण्याशी ज्याचा संबंध आहे, तेवढंच घ्यायचं.

१. ल्युमिएर बंधूंची १८९५ची फीत, 'बाळाचं जेवण'. ऑग्युस्त ल्युमिएर आणि त्यांची पत्नी आपल्या तान्ह्या मुलीला भरवताहेत, एवढंच. एक मिनिटसुद्धा भरत नाही. यावरून नाचणी सत्त्वाची खीर, छोट्या कुल्हडात.

२. 'राजा हरिश्चंद्र', १९१३. दादासाहेब फाळक्यांच्या दादरच्या घरात सरस्वतीबाई साऱ्या मंडळींचा स्वयंपाक करत, शिवाय कोऱ्या फिल्मला भोकं पाडण्यापासून ती धुण्यापर्यंतची कामं त्यांच्याकडे. यावरून पिठलं-भाकरी. तारामतीचं काम करणारे अण्णा साळुंके ग्रँट रोडवरच्या खानावळीत सापडले, म्हणून त्याच टेबलावर कपबशीतला चहा.

३. चॅप्लिनचा 'द गोल्ड रश', १९२५. भुकेला नायक स्वतःचा बूट उकडून खातो, नाड्या शेवयांसारख्या गुंडाळतो, खिळे हाडांसारखे चोखतो. चित्रीकरणात वापरलेला बूट ज्येष्ठमधाच्या काळ्या मिठाईचा होता. यावरून खाता येईल असा बूट, आणि नाड्या म्हणून कोकणातल्या शिरवळ्या.

४. 'द लंचबॉक्स', २०१३. यावरून डबा, आणि डब्यातून परत जाणारी चिठ्ठी.

टेबलावरच्या कार्डांचा मजकूर दोघातिघांनी तपासावा. पहिल्या खर्ड्यात 'बाळाचं जेवण' ७ जुलै १८९६ला वॉटसन हॉटेलात दाखवल्याचं आलं होतं. काळा घोड्याजवळच्या त्या हॉटेलात त्या दिवशी एक रुपया तिकिटावर सहा फिती दाखवल्या, हे खरं. पण त्या सहांत ही नव्हती. मुंबईत असल्या तारखा तोंडपाठ असणारी माणसं पाहुण्यांत हमखास असतात.

९ जानेवारी: परवाने

हे काम कंटाळवाणं, पण लवकर उरका.

चित्रपट: भारतात चित्रपटाचा स्वामित्वहक्क प्रदर्शनानंतर ६० वर्षं. त्यामुळे १८९५ आणि १९२५चे दाखवता येतात. मात्र जुन्या मूकपटाच्या नव्या डिजिटल आवृत्तीवर नवं संगीत चढवलेलं असतं आणि त्याचे हक्क वेगळे. म्हणून आवाज बंद, साथ समोर बसून. मूकपटांच्या काळात आपल्याकडे बहुतेक ठिकाणी तबला-पेटी असायची, तेव्हा हे सोंगही नाही. २०१३च्या चित्रपटाचा एकही तुकडा दाखवायचा नाही. कार्डावर नाव आणि साल, बस.

ध्वनिक्षेपक: पोलीस ठाण्याची परवानगी लागते. उघड्यावर रात्री १०नंतर बंद. रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्याभोवतीचे १०० मीटर शांतता क्षेत्र म्हणून जाहीर केलेले असू शकतात आणि दक्षिण मुंबईत या तिघांपैकी काहीतरी जवळ असतंच. नकाशावर आधी मोजा. आपलं अंगण थोडक्यात बाहेर पडलं. तरी शेवट ९:४५ला धरला.

खाणं: केटररचा एफएसएसएआय (अन्नसुरक्षेचा) परवाना आणि त्यावरचा पत्ता जुळतो का ते पाहा. स्वयंपाक दुसऱ्याच जागी होणार असेल तर संग्रहालय अडवतं, आणि बरोबर अडवतं.

१३ जानेवारी: भाकरी

इंडक्शनवर भाकरी. न जमणाऱ्या गोष्टींत ही पहिली.

बिडाचा तवा इंडक्शनवर चांगला तापतो, पहिली बाजू छान होते. पण भाकरी फुगते ती शेवटी थेट आचेवर टाकल्यावर. वरचा पापुद्रा आवळतो, आतल्या पाण्याची वाफ कोंडते आणि ती टम्म होते. इंडक्शनच्या काचेवर आच नाहीच, त्यामुळे शेकायला जागा नाही. कापडाने दाबून फुगवली तर मधे फुगते, कडा कच्च्या राहतात. तव्याचा तळही गरम होतो तो मधेच. कॉइल सात इंचांची, भाकरी नऊ इंचांची.

बाहेरून मऊ भाकऱ्या करून आणणं हा दुसरा पर्याय. ज्वारीची तासाभरात वातड, तांदळाची त्याहून आधी. १५० जणांना चालणार नाही.

उपाय सोलापूरकडे तयारच आहे: कडक भाकरी. पापडासारखी पातळ, पूर्ण सुकवलेली, महिनाभर टिकणारी. माणशी दोन म्हणजे ३००, फुटीची ३०. एकूण ३३०, नगाला १२ रुपये, ३,९६० रुपये. मऊ भाकरीची सर नाही असं म्हणणारे भेटतील. त्यांना पिठल्यात चुरून खायला सांगा.

१५ जानेवारी: पिठलं

पिठलं केल्या केल्या उत्तम असतं, गरम ठेवलं की बिघडतं. बेनमेरीत (अन्न गरम ठेवायच्या, खाली गरम पाणी असलेल्या भांड्यात) ६० अंशांच्या वर ठेवलं की बेसन पाणी ओढत राहतं आणि पाऊण तासात चमचा उभा राहील असा गोळा होतो.

मापं बदलली. घरी एक वाटी बेसनाला चार वाट्या पाणी घेतो, इथे साडेपाच. बेसन आधी गार पाण्यात कालवून गाळणीतून गाळायचं, मग उकळत्या फोडणीच्या पाण्यात धारेने सोडायचं. गाळलं नाही तर मोठ्या पातेल्यात गुठळ्या फुटत नाहीत, हात कितीही चालवा. बेसन माणशी २५ ग्रॅम, म्हणजे पावणेचार किलो. ४ किलो धरा. शेजारी उकळत्या पाण्याची किटली, आणि वाढणाऱ्याला सूचना: दर २० मिनिटांनी एक पळी पाणी, तळापासून ढवळून.

कांदा-लसूण नसलेलं पातेलं वेगळं, ४० जणांचं. फोडणीत हिंग आणि मिरची. मुंबईत जैन पाहुण्यांचा अंदाज कमी धरू नका.

१९ जानेवारी: वीज

कागदावर बेरीज केली. चार इंडक्शन २,००० वॉटचे, दोन चहाचे बॉयलर २,०००चे. एवढेच १२ किलोवॉट झाले. ३२ अँपिअरवर २३० व्होल्टला जेमतेम ७.३ किलोवॉट मिळतात. म्हणजे सगळं एकदम लावलं की अंधार.

निर्णय: अंगणात स्वयंपाक नाहीच, फक्त गरम ठेवणं. दोन बेनमेरी (१,५०० वॉट प्रत्येकी), एक इंडक्शन, एक बॉयलर. एकूण ७ किलोवॉट. तरीही ते पॉइंटच्या काठावर येतं, म्हणून स्वयंपाकाची बाजू १५ केव्हीएच्या सायलेंट जनरेटरवर. प्रोजेक्टर, आवाज आणि चित्रकाराचे दिवे संग्रहालयाच्या विजेवर. दोन्ही एकत्र ठेवू नका. बॉयलरचा थर्मोस्टॅट खटकन लागला की व्होल्टेज दबतं आणि प्रोजेक्टर मध्येच बंद पडू शकतो. दिव्याचा प्रोजेक्टर असा पंखा न फिरता बंद पडला की दिवा जाऊ शकतो, आणि भाड्याच्या करारात दिवा आपल्या गळ्यात असतो.

जनरेटर गेटबाहेर, वायर ४० मीटर. मांडववाल्यांकडच्या एक्स्टेन्शनला बहुधा १.५ चौरस मिलिमीटरची तार असते. ती गुंडाळी न उलगडता बॉयलरच्या भाराला वापरली तर हाताला चटका लागेल इतकी तापू शकते. लोहार चाळीतून (मुंबईचा विजेच्या सामानाचा बाजार) ४ चौरस मिलिमीटरची केबल आणि १६ अँपिअरचे औद्योगिक प्लग घेतले. केबल पायवाटेवरून जाते तिथे रबरी पूल टाकायचा, वरून नुसती चिकटपट्टी नाही.

२२ जानेवारी: बूट, पहिली रीत

चिक्कीच्या गुळाचा कडक पाक, तीळ, साच्यात ओतला. रंग अगदी चामड्याचा, चकाकीसुद्धा. संध्याकाळी बाहेर ठेवला. गूळ हवेतलं पाणी ओढतो आणि मुंबईची हवा समुद्राची. दोन तासांत बूट हाताला चिकटायला लागला, चार तासांत टाचेवर बसला. शिवाय कडक पाक इतका टणक होतो की म्हाताऱ्या पाहुण्यांच्या दातांची जबाबदारी कोण घेणार. रीत सोडली.

२६ जानेवारी: बूट, जमलेली रीत

डार्क कंपाउंड चॉकलेट, किलोमागे १० ग्रॅम ज्येष्ठमधाची बारीक चाळलेली पूड. याहून जास्त घातली तर तोंडात कडवट-गोड चव रेंगाळते आणि जिभेला पिठूळ लागतं. ज्येष्ठमधाने रक्तदाब वाढू शकतो, म्हणून कार्डावर ठळक लिहायचं. गरोदर बायकांनाही टाळायला सांगायचं.

साचा: बाहुलीचा ६ सेंटिमीटरचा बूट, त्यावरून अन्नासाठी चालणाऱ्या सिलिकॉनचा दोन अर्धांचा साचा. २ किलो सिलिकॉन, २,२०० रुपये, सहा साचे. दोन्ही अर्धांना मातीच्या गोळीने खुणेचे खड्डे ठेवा, नाहीतर अर्ध एकमेकांवर नीट बसत नाहीत आणि बुटाला आडवी शिवण दिसते. वितळलेलं चॉकलेट भरायचं, दोन मिनिटं थांबायचं, उलटं करून जास्तीचं ओतून टाकायचं. आत पोकळ, कड ३ मिलिमीटर. एका बुटाला २५ ग्रॅम. १५० बुटांना पावणेचार किलो, फुटतूट धरून साडेचार. फ्रीजमधून काढल्यावर लगेच डबा उघडू नका. गार चॉकलेटवर हवेतलं पाणी धरतं आणि वाळल्यावर पांढरे डाग पडतात. डबा बंद ठेवूनच खोलीच्या तापमानाला येऊ द्या.

खिळे: सोललेल्या बदामाचे उभे काप. बदाम चालत नसलेल्यांसाठी भोपळ्याच्या बिया.

नाड्या: शिरवळ्या. तांदळाच्या पिठाची उकड, मुटके उकळत्या पाण्यात वर येईपर्यंत शिजवायचे आणि वाफाळते असतानाच सोऱ्यातून दाबायचे. मुटका निवला की सोऱ्याचा दांडा वाकतो पण शेवई उतरत नाही; हा अनुभव कोकणातल्या कुठल्याही घरी विचारा. ३ किलो पीठ. छोटे घरटे करून केळीच्या पानाच्या तुकड्यावर ठेवायचे, एकावर एक नाही. वाढण्याआधी वाफेवर तीन मिनिटं.

नारळाचा रस मात्र त्याच दिवशी, दुपारी ४नंतर काढायचा आणि बर्फात ठेवायचा. गूळ विरघळवून गाळून वेगळा, रस वेगळा. दोन्ही वाढताना एकत्र.

२९ जानेवारी: खीर

नाचणीचं पीठ नव्हे, सत्त्व. शंभर मिलीला १० ग्रॅम घेतलं तर निवल्यावर वड्या पडतात. ६ ग्रॅम पुरे. १५० जणांना प्रत्येकी ८० मिली म्हणजे १२ लिटर, सत्त्व साधारण ७२० ग्रॅम. गूळ दूध आचेवर असताना घातला की दूध फाटतं. आचेवरून उतरवून, कोमट झाल्यावर. कुल्हड अर्धा तास पाण्यात बुडवून मग उपडे निथळवायचे. कोरडे वापरले तर खीर शोषतात आणि तळाला माती लागते. ६ रुपये नग, १७० घेतले.

१ फेब्रुवारी: पडदा

मूकपटाची चौकट ४:३. पडदा १२ बाय ९ फूट. प्रोजेक्टर ५,००० लुमेनचा, थ्रो रेशो १.५, म्हणजे चित्राच्या रुंदीच्या दीडपट अंतर. इथे गणित चुकण्याची जागा आहे. १२ फूट रुंदीला १.५ने गुणून १८ फुटांवर टेबल मांडलं की चित्र लहान पडतं. रेशो प्रोजेक्टरच्या पूर्ण १६:९ चौकटीचा असतो. ९ फूट उंची भरायची तर ती पूर्ण चौकट १६ फूट रुंद व्हायला हवी. अंतर २४ फूट. म्हणजे अंगणातली दोन टेबलं हलवावी लागली.

फितींचा वेगही पाहा. ल्युमिएरच्या फिती सेकंदाला साधारण १६ चौकटींच्या. काही फायली २४ने धावतात आणि मग बाळाचे आईवडील गाडी चुकणार असल्यासारखे भरवतात. वेग कमी करून घेतला.

फेब्रुवारीच्या मध्यात मुंबईत सूर्य ६:४०च्या सुमारास मावळतो. ७:०५ आधी पडद्यावर काही दिसत नाही. चित्रपट ७:१५ला.

४ फेब्रुवारी: पोस्टर

हाताने रंगवलेल्या होर्डिंगची मुंबईची परंपरा मोठी, एम. एफ. हुसेन यांनी तरुणपणी इथे चित्रपटांची होर्डिंगं रंगवली. रंगवण्याची जुनी रीत तैलरंगाची, टर्पेंटाइनची, आणि ती इथे बंद. अॅक्रिलिक घ्यावं लागलं. होर्डिंगच्या चित्रकाराला त्याचा राग येतो, कारण गालावरची गुलाबी आणि निळी छटा एकमेकींत मिसळायच्या आत रंग वाळतो. पॅलेटवर ओलं फडकं आणि त्यावर बटर पेपर, शिवाय वाळण्याचा वेग कमी करणारं माध्यम. एवढ्याने काम भागतं, समाधान होत नाही.

कॅनव्हास १० बाय ६ फूट, १२ मिलिमीटर प्लायवर. सहा इंची चौकोन, २० बाय १२, एकूण २४०. तीन तासांत कोऱ्या कॅनव्हासवरून चित्र पूर्ण होत नाही. चौकोन, रेखाटन आणि तपकिरी रंगातली पहिली बैठक आदल्या दिवशी. पाहुण्यांसमोर फक्त रंग. चेहरा सगळ्यात शेवटी रंगवायचा नाही. पाहुण्यांचे डोळे तिथेच असतात, चेहरा उमटायला लागला की माणसं थांबतात. ८ वाजता डोळे, हे चित्रकाराशी ठरलं.

चित्र न बनलेल्या चित्रपटाचं: डबा, बूट, पेटी, आणि कुणाही नटाशी न जुळणारे चेहरे. खऱ्या पोस्टरची नक्कल नको.

जमिनीवर २०० मायक्रॉनचं प्लास्टिक, त्यावर जुन्या चादरी. नुसतं प्लास्टिक घसरतं.

६ फेब्रुवारी: उजेड आणि अंधार

चित्रकाराला उजेड हवा, पडद्याला अंधार. एकाच अंगणात दोन्ही. या एका प्रश्नावर जेवढा वेळ गेला तेवढा बाकी कशावरच नाही.

पहिली मांडणी: पोस्टर पडद्याच्या समोरच्या भिंतीला. ५,००० केल्विनचे दोन दिवे पोस्टरवर, आणि तो पांढरा उजेड कॅनव्हासवरून उसळून थेट पडद्यावर. चॅप्लिनचा काळा कोट राखाडी दिसायला लागला.

दुसरी: पोस्टर पडद्याच्याच बाजूला, त्याच भिंतीच्या रेषेत, आठ फूट सरकवून. आता उसळलेला उजेड पाहुण्यांकडे जातो, पडद्याकडे नाही. मधे काळ्या कापडाचा उभा पडदा, दिव्यांना चारही बाजूंनी पत्र्याच्या झडपा. पडद्यावर पडणारा फालतू उजेड मोबाइलच्या लक्स अॅपने मोजला तर सुरुवातीच्या दहाव्या हिश्श्यावर आला. अॅप बिनचूक नसतं, पण आधी-नंतरची तुलना करायला पुरतं. जेवणाच्या टेबलांवर पिवळे मंद दिवे, शेड खाली वळवलेले.

रंग पाहायला दिव्याचा सीआरआय (रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा, १००पैकी) ९०च्या वर असावा. स्वस्त एलईडीखाली तांबडा मातकट दिसतो आणि चित्रकार जास्तीचा तांबडा ओततो. सकाळी उन्हात तो चेहरा उकडल्यासारखा दिसतो.

८ फेब्रुवारी: बाहुल्या

कुडाळजवळच्या पिंगुळीचा ठाकर समाज चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ करतो. चित्रपटांच्या संध्याकाळी त्या का, असं विचारलं गेलं. हलत्या चित्रांची आपली हौस सिनेमाच्या आधीची. कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी १८९२मध्ये 'शांबरिक खरोलिका' या नावाने काचेवरच्या रंगीत चित्रांचे खेळ सुरू केले होते. बाहुल्यांचा खेळ त्याहूनही कितीतरी जुना.

पूर्वी मागे तेलाचा दिवा असे. तो इथे चालणार नाही. साधा एलईडी बल्ब लावला तर सावलीला तीन-चार कडा दिसतात, कारण आत अनेक ठिपके आणि वर दुधी टोपी. एकाच छोट्या जागेतून उजेड देणारा १० वॉटचा सीओबी एलईडी, टोपीशिवाय, बाहुलीपासून चार फुटांवर: कडा स्वच्छ. ज्योतीची थरथर गेली, ती मात्र कुठल्याच उपकरणाने परत येत नाही.

संग्रहालयाने बाहुल्यांची पेटी अंगणातच उघडून भिंगाने तपासली. चामड्यात अळी असू शकते. खेळवाल्यांना हे आधी समजावून सांगा, नाहीतर संशय घेतल्यासारखं वाटतं.

१० फेब्रुवारी: डबे

दोन खणी स्टीलचे डबे भाड्याने, ४० रुपये नग, १५०. ॲल्युमिनियमचे जुने डबे फोटोत छान दिसतात, पण भरल्या वांग्यात चिंच असते आणि आंबट पदार्थाने ॲल्युमिनियम काळवंडतं. वरच्या खणात भरली वांगी, खालच्यात मसालेभात. जैन डब्यात वांग्याऐवजी तोंडली. भरल्यावर पाच मिनिटं झाकण उघडं ठेवायचं. गरम असताना बंद केलं की झाकणाचं पाणी भातावर गळतं.

डबेवाल्यांच्या खुणांवरून आपली छोटी पद्धत: झाकणावर रंगाचा ठिपका म्हणजे आतला प्रकार (लाल साधा, हिरवा जैन, निळा शेंगदाण्याशिवाय), आकडा म्हणजे टेबल, अक्षर म्हणजे वाढपी. वाढप्यांना मेन्यू माहीत असायची गरजच राहिली नाही.

चिठ्ठी: चित्रपटातल्या पत्रव्यवहारात पहिलं उत्तर येतं ते जेवण खारट झाल्याच्या तक्रारीचं. पाहुण्यांनीही चवीवर दोन ओळी लिहायच्या आणि रिकाम्या डब्यातून परत पाठवायच्या; एक चित्रकर्ती त्यावर लगेच छोटं चित्र काढून देणार. लिहायला पेन्सिल, २बी. संग्रहालयाच्या आवारात शाईचं पेन हातात द्यायचं नाही. कागद खणात ठेवला तर तेलकट होतो, म्हणून झाकणावर रबराने.

१२ फेब्रुवारी: तालीम

पेटी दमट हवेत जड चालते; वादक अर्धा तास आधी येणार. तबल्याची शाई ओलसर, जवळ गरम दिवा नको. बाकी ठीक.

१४ फेब्रुवारी: कार्यक्रम

दुपारी ३ला जनरेटर, ४ला नारळ, ५ला पोस्टरचे दिवे, ६ला दार.

काय बिनसलं ते आधी. कडक भाकरीचे सगळे टिन एकदम उघडले गेले. पाऊण तासात वरच्या भाकऱ्या मऊ, चामट. उरलेले टिन बंद करून एकेक उघडायला लावला. भाकऱ्या टिनमध्ये उभ्या रचल्या असत्या तर फूटही कमी झाली असती. आडव्या रचलेल्यांपैकी तळाच्या ४० फुटल्या. चुरा पिठल्यात गेला.

डब्यांचं टेबल अडलं. १५० माणसं एकाच वेळी उठली, कारण चित्रपट संपला होता. टेबलांच्या आकड्यांनुसार बोलवायला हवं होतं. वाढप्यांनी शेवटी डबे हातात घेऊन टेबलावर नेले आणि दहा मिनिटांत कोंडी फुटली. अक्षराची खूण तिथे कामाला आली.

चित्रांच्या चिठ्ठ्या: एका चिठ्ठीला तीन मिनिटं धरली होती, पाच लागली. रांग ६०वर गेल्यावर टोकन दिले, उरलेल्या दुसऱ्या दिवशी पोस्टाने. दोन चित्रकार हवेत, निदान.

चांगलं: बूट टिकले. बहुतेकांनी आधी नाड्या ओढून खाल्ल्या, पडद्यावर पाहिल्याप्रमाणे, आणि मग टाच. तबलजीने बूट उकळतानाच्या प्रसंगाला ठेका न देता नुसती बोटं शाईवर फिरवली. त्या वेळी अंगणात चमच्यांचाही आवाज नव्हता. पोस्टरचे डोळे ८ऐवजी ८:२०ला उमटले. बाहुल्यांचा खेळ ९:३५ला संपला, ध्वनिक्षेपक ९:४०ला बंद.

रात्री ११:३०पर्यंत खरकटं तीन झाकणाच्या पिंपांत आवाराबाहेर. फरशीवर ओलं फडकं, मग कोरडं. पाणी ओतून धुवायचं नाही, दगडाच्या सांध्यात मुरतं. टेबलांखाली शिरवळ्यांचे तुकडे सगळ्यात जास्त सापडले.

१६ फेब्रुवारी: हिशेब

जेवण माणशी ६५०, म्हणजे ९७,५००. बाहुल्यांचं पथक ३०,०००, येण्याजाण्याचे ११,४००. पोस्टरचे चित्रकार २५,०००, रंग-कॅनव्हास-प्लाय ९,८००. वादक दोघे १६,०००. चित्रकर्ती ८,०००. प्रोजेक्टर १४,०००, पडदा ६,०००, दिवे आणि आवाज १९,०००. जनरेटर डिझेलसह १५,५००. केबल-प्लग ७,२०० (वस्तू राहिल्या). डबे ६,०००. सफाई आणि कीडनियंत्रण ७,५००. बाहुल्यांचा प्रवास मूळ अंदाजात नव्हताच आणि केबलसुद्धा. जेवणाच्या आकड्यात बुटांचं साहित्य आहे, साचे नाहीत.

डबे १४७ परत आले. तीन पाहुण्यांच्या घरी गेले असावेत; अनामतीतून ५४० रुपये कापले. झाकणावर 'डबा परत द्यावा' एवढं छापायला पाहिजे होतं.

२८ फेब्रुवारी: सापळे

संग्रहालयाने कार्यक्रमाआधी आणि नंतर दालनांच्या दाराशी चिकट सापळे ठेवले होते. दोन आठवड्यांचे पाहिले. आधीच्या आणि नंतरच्या संख्येत फरक नाही, एक सापळा सोडून: चहाच्या टेबलामागचा. तिथे मुंग्या. बशीतून सांडलेला गोड चहा चौथऱ्याच्या भेगेत गेला होता आणि फडकं तिथवर पोचलं नव्हतं. भेग ब्रशने साफ करून सापळा बदलला. पुढच्या वेळी चहाचं टेबल सपाट फरशीवर, खाली ट्रे, आणि साखर वेगळी.